भिंतीपलीकडची चार आवर्तनं

विटोल्ड गाव्लिक त्या संध्याकाळी घरून निघाला तो शेवंतीची एक कुंडी पोचवायला. काम एवढंच. नोव्हेंबरची एक तारीख, सर्व संतांचा दिवस. अख्खं काटोवित्से शहर कब्रस्तानातून परतत होतं. ट्राममध्ये प्रत्येकाच्या कोटाला मेणबत्तीचा आणि ओल्या मातीचा वास येत होता, आणि गाव्लिक मांडीवर कुंडी घेऊन खिडकीशी बसला होता.

गाव्लिक कोण, ते तुम्हा पोरांना सांगायला नको. तुमच्यातल्या दोघांना तर येत्या परीक्षेला त्याचीच छापील प्रत लागलेली आहे. तो दिवा जरा बारीक कर गं, डोळ्यांवर येतोय. हां. तर ही गोष्ट मी कुठे वाचलेली नाही. अर्धी मला गाव्लिकने स्वतः सांगितली, एकदाच, पुन्हा कधी नाही. उरलेली रूटाने, ती पुढे येईलच. आणि शेवटचा भाग मी माझ्या कानांनी ऐकलाय. कान म्हातारे आहेत, पण जन्मभर डबल बास वाजवलेल्या माणसाचे आहेत.

शेवंती हे निमित्त होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, त्यातला प्रकार. खरं काम वेगळंच होतं. दुसऱ्या दिवशी मृतात्म्यांचा दिवस. त्या रात्री जॅझवाले आपल्या मेलेल्यांसाठी वाजवतात, हे तुम्हाला माहीत आहे. त्या वर्षीची रात्र एगोन कोत्सुरच्या नावाची होती आणि वाजवणार होता गाव्लिक. रेडिओवरून थेट. सगळं ठरलं होतं. आणि एक तारखेच्या सकाळी आयोजकाचा फोन आला, "प्रोफेसरसाहेब, आनंदाची बातमी! एगोनची बहीण दोन शब्द बोलायला तयार झालीय."

गाव्लिकने फोन ठेवला आणि शेवंतीची कुंडी विकत आणली. कारण एगोनची जी रचना तो वाजवणार होता, तिच्यात एक गोष्ट अशी होती की ती जगात दोनच माणसांना ठाऊक होती. एक तो स्वतः. दुसरी एगोनची ही बहीण, रूटा.

आता ऐका, म्हणजे पुढचं कळेल. एगोन आणि विटोल्ड एकाच विटांच्या चाळीत वाढले. खाणकामगारांच्या लाल चाळी, दोन बिऱ्हाडांमध्ये एक भिंत. भिंतीच्या या बाजूला कोत्सुरांचा पियानो, त्या बाजूला गाव्लिकांचा. पाठीला पाठ लावून बसलेल्या दोन म्हाताऱ्यांसारखे. दोघेही शिकायला बिएलिन्स्काबाईंकडे. बाई कडक. बाखची एक ओळ महिना-महिना घासून घ्यायच्या. विटोल्डची ओळ कधी चुकायची नाही. कुठल्या वादकाने कुठल्या काळात शोपँच्या कुठल्या जागी किती थांबा घेतला, हे पोरगं तोंडपाठ सांगायचं. बाई एकदा सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, "विटोल्ड, तू फार चांगला पोस्टमन आहेस. पत्र जसंच्या तसं पोचवतोस. हा एगोन गाढव आहे, पत्र वाटेत फोडतो. पण निदान वाचतो तरी!"

वर्ग हसला. विटोल्डही हसला. असलं हसू माणसाच्या घशात आयुष्यभर अडकून राहतं.

संध्याकाळी घरी आले की दोघांचा खेळ चालायचा. जॅझवाल्यांचा जुनाच खेळ, चार तुझी आणि चार माझी. चार आवर्तनं मी वाजवायची, लगेच पुढची चार तू. एगोन भिंतीच्या या बाजूने वाजवायचा, विटोल्ड त्या बाजूने उत्तर द्यायचा. नियम एकच, उत्तर आपलं पाहिजे. कुणाचं उचललेलं नको, आधी वाजवलेलं नको. उचललं की समोरचा भिंतीवर दोनदा टकटक करणार, आणि हरला त्याने तळघरातून दोन्ही घरांचा कोळसा वर आणायचा. सांगायला नको, त्या चाळीत वर्षानुवर्षं कोळसा कोण वाहत होतं ते.

पुढे विटोल्ड मोठा झाला. अकादमी, परदेश दौरे, शोपँ, बाख, काळा कोट. एगोन इथेच राहिला. सकाळी मुलांना शिकवायचा, रात्री आमच्यासोबत तळघरातल्या क्लबात. त्याने थोड्याच रचना केल्या, पण त्यातली 'तिसरी पाळी' तुम्ही ऐकली आहे. डावा हात खाली-खाली उतरतो, कामगारांना खाली नेणारा खाणीतला पाळणा उतरतो तसा. आणि बरोबर मध्ये चार आवर्तनं कोरी. कागदावर फक्त तिरप्या रेघा. म्हणजे, बाबा रे, इथे तुझं तू वाजव. एगोन स्वतः तिथे दर वेळी वेगळं वाजवायचा. विचारलं तर म्हणायचा, "काल माझं पोट दुखत होतं, आज नाही. मग तेच कसं वाजवू?"

मग त्याची फुप्फुसं गेली. शेवटच्या आजारात, इस्पितळात नेण्याच्या आदल्या संध्याकाळी, विटोल्ड भेटायला आला होता. रूटा स्वयंपाकघरात बटाट्याचे गोळे वळत होती. एगोन धापा टाकत पियानोपाशी बसला आणि त्याने 'तिसरी पाळी' वाजवली. मधल्या कोऱ्या जागेत चार आवर्तनं अशी वाजवली की रूटाचे हात पिठातच थांबले. तेवढी एकदाच. आठवड्याने तो गेला.

आणि महिन्याभराने, त्याच्या स्मरणार्थ झालेल्या मैफलीत, विटोल्डने ती चार आवर्तनं वाजवली. सुरासूर तीच. त्याची स्मरणशक्ती तशीच होती, एकदा ऐकलं की कोरलं. लोक रडले. वर्तमानपत्रात आलं की मित्राने सोडलेल्या कोऱ्या जागेत गाव्लिकने आपलं काळीज ठेवलं. गाव्लिक कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी हे खोडू शकला असता. तिसऱ्या दिवशीही. मग छापील प्रत निघाली आणि तिथे बारीक अक्षरांत छापलं गेलं, चार आवर्तनं विटोल्ड गाव्लिक यांची. आता तुम्ही पोरं ती पाठ करून परीक्षेला वाजवता. दर वेळी तीच. एगोन गेला, पण त्याची ती एक संध्याकाळ मात्र या माणसाने भुसा भरून भिंतीवर टांगली.

रूटा या सगळ्यात एक अक्षर बोलली नव्हती. आणि आता ती बोलणार होती.

तर नऊ वाजायचे होते तेव्हा गाव्लिक चाळीत पोचला. जिन्यात अंधार. दार उघडताच रूटाने आधी कुंडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. लहानपणापासून ती विटोल्डला विटेकच म्हणायची.

"विटेक! आज वाट चुकलास की काय?"

"एगोनसाठी आणलीय."

"एगोन कब्रस्तानात आहे. इथे मी राहते." तिने कुंडी घेतली, खिडकीत ठेवली. "बूट काढ. आत्ताच पुसलंय. झुरेक खाणार?"

"नको, भूक नाही."

"भूक कशी असेल? पोटात दुसरंच काही शिजत असणार."

तिने तरीही त्याच्यापुढे झुरेकचा, त्या आंबट पेजेचा, वाडगा आदळला. आत अर्धं उकडलेलं अंडं. गाव्लिक चमचा फिरवत बसला. हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. ट्रामचं भाडं, शेजारच्या म्हातारीचे गुडघे. शेवटी रूटाच म्हणाली,

"विचार ना. चोराच्या मनात चांदणं. मी उद्या काय बोलणार, हेच ना?"

"रूटा, तसं नाही..."

"तसंच आहे. बारा वर्षं मी गप्प बसले. का, माहितीये? मला वाटलं, तू येशील. आज नाही तर उद्या. येऊन म्हणशील, रूटा, चूक झाली. मी तुला दोन शिव्या दिल्या असत्या आणि जेवायला वाढलं असतं. पण तू आलाच नाहीस. लोकांच्या टाळ्या घेत फिरलास. मढ्याच्या टाळूवरचं लोणी रे, विटेक! तेही मित्राच्या!"

"ती विरून गेली असती," गाव्लिक हळूच म्हणाला. "मी वाजवली म्हणून उरली. मी जपली."

"जपली? नावावर करून घेतलीस! जपायची होती तर त्याचं नाव लावायला कुणी तुझा हात धरला होता?"

गाव्लिकने चमचा खाली ठेवला.

रूटा थोडी शांत झाली. टेबलावरचे पावाचे कण तळहाताने गोळा करत म्हणाली, "मी काही बोलणार नाही. आमच्या घराण्यात मेलेल्यांच्या दिवशी कुणाचं माप काढत नाहीत. उद्या मी उभी राहीन आणि सांगीन, एगोन माझा भाऊ होता, बाकीचं विटेक सांगेल. मग तू सांग. एकच वाक्य. ही चार आवर्तनं त्याची आहेत. एवढं म्हण आणि वाजव. जमेल?"

"सांगतो."

"माझ्याकडे बघून बोल."

"सांगतो, रूटा. शब्द देतो."

तिने शाल घेतली. अंगणापलीकडच्या अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला पेज पोचवायची होती, तिला चार घास भरवायचे होते. दारात थांबून ती म्हणाली, "शेगडीकडे लक्ष ठेव. आणि हात शिवशिवत असतील तर तो आहे तिथे. दर हिवाळ्याआधी सूर लावून घेते. एगोन म्हणायचा, बेसूर पियानो म्हणजे घरात उपाशी ठेवलेलं माणूस."

दार लागलं. तिची पावलं जिन्यावरून उतरत गेली.

गाव्लिक बसून राहिला. त्याला हलकं वाटत होतं, हे त्याने मला सांगितलं. खरंच हलकं. एक वाक्य तर म्हणायचं. त्यात काय मोठंसं. मग तो आतल्या खोलीत गेला. पियानो भिंतीला लागून. वर विणलेला रुमाल, त्यावर एगोनचा फोटो, हसरा. गाव्लिकने फोटो जरा बाजूला सरकवला, झाकण उघडलं आणि अगदी हलक्या हाताने 'तिसरी पाळी' सुरू केली.

डावा हात उतरू लागला. खाली. आणखी खाली. खोलीत दिवा होता, शेगडीची ऊब होती. सगळं ठीक होतं.

तो कोऱ्या जागेपाशी आला. बोटं उचलली...

आणि भिंतीपलीकडून कुणीतरी चार आवर्तनं वाजवली.

गाव्लिकचे हात हवेत राहिले.

रेडिओ असेल, त्याला वाटलं. शेजारी कुणी रेडिओ लावला असेल. मग त्याच्या लक्षात आलं. पलीकडे कुणी राहत नाही. पलीकडचं घर त्याच्याच आईचं. आई गेल्यावर त्यानेच विकलं होतं. घेणारा क्राकूवचा, त्याने फरशी उखडून ठेवली आणि कुलूप घालून गेला तो गेलाच.

शांतता. पण साधी नव्हे. ठेक्यातली. कुणीतरी मोजत होतं. एक, दोन, तीन, चार. दोन, दोन, तीन, चार. तुम्ही वाजवणारे आहात, तुम्हाला ही शांतता कळते. समोरचा थांबलाय. आता तुझी पाळी.

चार आवर्तनं रिकामी गेली.

पलीकडून पुन्हा चार आली. नवीन. वेगळीच. ठोक्याच्या किंचित मागे रेंगाळणारी, जिन्यात कुणीतरी मुद्दाम मागे राहून गोष्ट सांगावी तशी. असं एकच माणूस वाजवायचा. आणि वरच्या पट्टीत एका जागी सूर नव्हताच. नुसतं लाकूड वाजलं. ठक्.

गाव्लिकला ती पट्टी ओळखू आली. त्याच्या लहानपणच्या पियानोची ती मुकी पट्टी. त्या पियानोला गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. चाळीच्या अंगणात कुऱ्हाडीने फोडला होता. शेगड्यांत गेला होता, तोही कधीच.

उठावं, पळावं. पण तो बसूनच राहिला. आणि खरं सांगू? नुसती भीती नव्हती ती. तो मला म्हणाला, बर्नार्ड, मला रडू आलं. बारा वर्षांनी माझ्याशी कुणीतरी वाजवत होतं. माझ्या जागी बसून.

त्याची पाळी आली. त्याने हात टेकले. जे आधी आलं ते वाजवलं. शोपँची एक वळणदार ओळ, सुंदर, निर्दोष.

टक टक.

भिंतीवर. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर.

पलीकडून पुन्हा चार. जरा खट्याळ. चिडवल्यासारखी. पुन्हा त्याची पाळी. त्याने जॅझमधलं काढलं, कुणा अमेरिकन वादकाचं, बोट ना बोट तसंच.

टक टक.

हसल्यासारखं वाटलं पलीकडे. की कौल सरकलं... कोण जाणे.

मग पुन्हा चार आवर्तनं. या वेळी चिडवणं नव्हतं. हळू होती. मऊ. शेवटी प्रश्नावर येऊन थांबली. जणू म्हणत होती, अरे, कसंही असू दे. वाकडं असू दे. पण तुझं दे.

शांतता.

एक, दोन, तीन...

आणि तेव्हा गाव्लिकला एक सुचलं. चार-पाच सुरांचं. अगदी साधं, लहान पोराच्या तोंडून निघावं तसं. त्याचं स्वतःचं. जन्मात पहिल्यांदा. बोट पट्टीवर टेकलं सुद्धा...

त्याला लाज वाटली.

इतकंसं? प्रोफेसर गाव्लिकने इतकंसंच वाजवायचं?

त्याने बोट मागे घेतलं. आणि वाजवली ती. तीच चार. एगोनची शेवटच्या संध्याकाळची. एगोनलाच ऐकवली. आपली म्हणून.

वाजवून झाली.

तो टकटकीची वाट पाहू लागला.

टकटक नाही.

काही नाही...

ठेकासुद्धा थांबला. मोजणारं कुणी राहिलं नाही.

मग... पलीकडे... पियानोचं झाकण लागलं. आपटलं नाही. हळूच. दोन्ही हातांनी धरून लावतात तसं. एवढंच. बस्स.

रूटा परत आली तेव्हा तो तसाच बसला होता. शेगडी विझत आली होती.

"लक्ष ठेव म्हटलं होतं ना? एक काम सांगितलं तर..." ती थांबली. "काय झालं? चेहरा असा का?"

"पलीकडे कोण राहतं?"

"कोण राहणार? कुलूप आहे. किल्ली क्राकूवला."

"कुणीतरी वाजवलं, रूटा. माझ्याशी. चार त्याची, चार माझी."

रूटाच्या हातातलं भांडं खाली पडलं. पेजेचे थेंब फरशीवर उडाले. ती खुर्चीत बसली. मग बोलली तेव्हा तिचा आवाज तिचा वाटत नव्हता.

"बारा वर्षं मी या भिंतीला डोकं लावून झोपते. बारा वर्षं! दर रात्री म्हणते, एगोन, एकदा. एक सूर वाजव. मला एक सूर नाही मिळाला, विटेक. मी त्याची बहीण. त्याची थुंकीसुद्धा पुसली मी. आणि आला तो तुझ्याकडे? तुझ्याकडे?"

गाव्लिकने उठून शेगडीत एक कोळसा टाकला.

"काय म्हणाला?"

"काही नाही. झाकण लावून घेतलं."

"तू काय वाजवलंस?"

तो कोटाकडे वळला.

"विटेक, तू काय वाजवलंस?"

त्याने कोट उचलला. रूटाला उत्तर कळलं. तिने उठून दार उघडून धरलं. "उद्या," ती म्हणाली. "अजून उद्या आहे. जा."

आणि दुसऱ्या दिवशी, दोन नोव्हेंबरला, खाणीच्या जुन्या यंत्रघरात मैफल झाली. भिंतींकडेने मेणबत्त्या, खुर्च्या पुरल्या नाहीत, पोरं जमिनीवर बसली होती. मीही होतो, बास घेऊन मागे उभा. पहिल्या भागात आम्ही वाजवलं. मग रूटाला बोलावलं. काळा कोट, डोक्याला रुमाल. ध्वनिक्षेपकासमोर ती वाकून म्हणाली, "एगोन माझा भाऊ होता. बाकीचं विटेक सांगेल." आणि जाऊन बसली. पहिल्या रांगेत.

गाव्लिक उभा राहिला. मला त्याची पाठ दिसत होती. तो म्हणाला, "एगोन कोत्सुर माझा मित्र होता." मग थांबला. "त्याच्या या रचनेतली मधली चार आवर्तनं..."

पुन्हा थांबला. मी रूटाकडे पाहिलं. ती ओठ हलवत होती, पोराला धडा आठवून देणाऱ्या आईसारखी.

"...मधली चार आवर्तनं," गाव्लिक म्हणाला, "तुम्हा सगळ्यांना ठाऊकच आहेत."

लोक हसले. टाळ्या पडल्या. काय गोड बोलला म्हणे! तो बसला आणि त्याने वाजवलं. चांगलं वाजवलं, ते नाकारून कसं चालेल? मधल्या जागेला लोकांनी श्वास रोखले. संपलं तेव्हा सगळे उभे राहिले. सगळे, म्हणजे रूटासुद्धा. ती रुमालाची गाठ घट्ट करत होती. मग ती दाराकडे चालू लागली आणि तिने वळून पाहिलं नाही. त्या दिवसानंतर तिने त्याला दारात उभं केलं नाही. मला तरी तिचा राग समजतो.

इथे गोष्ट संपली असती तर ती भुताची कशाला, आपल्या सगळ्यांचीच झाली असती.

आठवडा गेला. रेडिओवर ध्वनिमुद्रण करणारी एक मुलगी होती, डोमिनिका. ती मैफल पुन्हा लावायची म्हणून साफसूफ करत होती. तिने गाव्लिकला बोलावून घेतलं. गाव्लिक मला सोबत घेऊन गेला. का, विचारू नका. एकट्याने जायची हिंमत नसेल.

"प्रोफेसरसाहेब, एक अडचण आहे," डोमिनिका म्हणाली. "'तिसऱ्या पाळी'त मधली चार आवर्तनं दोनदा ऐकू येतात. आधी मला वाटलं, यंत्रघर मोठं आहे, भिंतींचा प्रतिध्वनी असेल."

"तोच असणार," गाव्लिक म्हणाला.

"प्रतिध्वनी मागून येतो हो. हा आधी येतोय."

तिने लावलं. आम्ही ऐकलं. डावा हात उतरतो, उतरतो, आणि मग ती चार आवर्तनं... एकदा. आणि केसभर अंतराने, त्यांच्या मागोमाग, पुन्हा तीच. पुढचा आवाज मोकळा. मागचा त्याच्या पावलावर पाऊल ठेवत येणारा. चार आवर्तनं संपली की एकच पियानो, स्वच्छ.

"तुमच्या आधी हे वाजवतंय कोण?" डोमिनिकाने विचारलं. तिच्या मनात काही नव्हतं. तिला आपलं काम संपवायचं होतं.

गाव्लिक सांगू शकला असता. तिथे आम्ही तिघंच होतो. माझ्यासारखा म्हातारा आणि एक पोरगी. त्याने कपाळ पुसलं आणि तो म्हणाला, "यंत्राचा दोष असेल. तो पहिला आवाज काढून टाका. माझा तेवढा ठेवा."

"काढते."

तिने काय ती बटणं फिरवली, पडद्यावरच्या रेघा इकडच्या तिकडे केल्या. बराच वेळ लागला. पहिला आवाज निघून गेला. मग तिने पुन्हा लावलं.

डावा हात उतरला. खाली. खाली. कोरी जागा आली.

काही नाही.

डोमिनिकाने आवाज वाढवला. पूर्ण वाढवला. मेणबत्तीची वात चरचरली ती ऐकू आली. लोकांचे रोखलेले श्वास ऐकू आले. गाव्लिकची नखं पट्ट्यांवर आपटत होती, टिक टिक, एकूण एक, बरोबर जागच्या जागी. पण सूर... एकही नाही. चारही आवर्तनं.

तिने तीनदा लावून पाहिलं. मग तिने यंत्र बंद केलं आणि ती आमच्याकडे न बघता पाणी प्यायला बाहेर गेली.

ते मुद्रण अजून रेडिओच्या कपाटात आहे.